संपर्क परिपूर्ण

मानवजातीची प्रगती चाकामुळे झाली नाही, अग्नीमुळे तर मुळीच नाही. ती झाली वर्गीकरणामुळे. ज्या दिवशी पहिल्या माणसाने खायची मुळं एका बाजूला आणि विषारी मुळं दुसऱ्या बाजूला ठेवली, त्या दिवशी संस्कृती सुरू झाली. हे मी सूनबाईला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पाय वर घ्या, फरशी ओली आहे."

आमच्या हिचं म्हणणं, सूनबाई ते तिसऱ्यांदा म्हणत होती. असेल. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही. आमच्या वेळी लोक शब्द उच्चारत असत. टीव्हीवरच्या बातम्या वाचणाऱ्यांचीही तीच गत झाली आहे. आवाज शेवटच्या काडीपर्यंत नेल्याशिवाय जगात काय चाललंय ते कळत नाही, आणि तो तिथवर नेला की शेजारचे हेडमास्तर भिंतीवर छडी आपटतात. ते निवृत्त झाले, छडी झाली नाही.

विषय वर्गीकरणाचा होता. सूनबाईने वर्षापूर्वी श्रवणयंत्रांचं केंद्र काढलं. बाजाराच्या रस्त्यावर, दोन जिने चढून, एक खोली आणि एक काचेची पेटी. पेटीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, टिक् असा आवाज आला की बटण दाबायचं. काम सोपं, पण वर्षभरात पेटीत माणसांपेक्षा धूळच जास्त बसली. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने शेवटी कळवलं की येत्या रविवारी मोफत तपासणी ठेवा, आमचे निरीक्षक येतील. संध्याकाळी पाचपर्यंत चाळीस माणसं तपासून झाली तर केंद्र तुमचं, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला देऊ. सूनबाईने हे जेवताना सांगितलं. मुलगा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष मी. मी म्हणालो, "चाळीस म्हणजे काय, चारशे आणू."

"चारशे बाराच आहेत," सूनबाई म्हणाली. "लीड्स."

लीड म्हणजे ज्या माणसाने अजून काही घेतलेलं नाही पण घेईल अशी आशा आहे तो. आमच्या कार्यालयात याला 'विचाराधीन' म्हणत आणि तो निवृत्त होईपर्यंत तसाच राहत असे. ही चारशे बारा विचाराधीन माणसं दोन महिन्यांपूर्वी केंद्राने बागेपाशी टेबल मांडलं होतं तेव्हा जमलेली. टेबलावर फॉर्म भरून घ्यायला मीच बसलो होतो. तेव्हापासून ते फॉर्म एका खोक्यात पडून होते. आता सूनबाईने फोन करायचं सॉफ्टवेअर महिनाभरासाठी घेतलं होतं. ते यादीतले नंबर आपणहून लावतं, पलीकडे कुणी उचलला की फोनबाईंना जोडून देतं. फोनबाई म्हणजे केंद्रातल्या मदतनीस. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलून त्यांचा आवाज असा कमावलेला आहे की त्यांना खरं म्हणजे फोनची गरज नाही, खिडकी उघडली तरी पुरे. फॉर्मांवरची नावं, नंबर त्यांनीच कॉम्प्युटरमध्ये उतरवले होते.

"फक्त गट पाडायचेत बाबा," सूनबाई म्हणाली. "संपर्काच्या माहितीवरून. मोबाईल असलेले वेगळे, घरचा फोन असलेले वेगळे, नुसता ई-मेल दिलेले वेगळे, काहीच नसलेले वेगळे. मला वेळ नाही. तुम्ही कराल?"

चौतीस वर्षं मी अभिलेख विभागात काढली. माझ्या हाताखालून गेलेली फाईल हरवली असं एकदाच झालं, आणि तीही नंतर साहेबांच्या टेबलाच्या पायाखाली सापडली. टेबल डुगडुगत होतं. अशा माणसाला ती 'कराल?' विचारत होती.

बुधवारी सकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसलो. चहाच्या वेळेला हेडमास्तर आले आणि त्यांच्यापाठोपाठ वरच्या मजल्यावरचे विमेवाले. विमेवाले अजून धंद्यात आहेत, म्हणून त्यांच्याशी आम्ही सगळे जपून बोलतो. आपली तब्येत कशी आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

"चारच गट?" हेडमास्तर म्हणाले. "अहो, वर्गात तीन गट असतात. हुशार, मध्यम आणि ढ. त्यापलीकडे जगात काही नाही."

"चूक," विमेवाले म्हणाले. "गट दोनच. ज्यांची बायको फोन उचलते ते, आणि ज्यांची उचलत नाही ते. धंदा पहिल्यात होतो."

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि माझ्या पद्धतीने एकवीस गट पाडले. 'मोबाईल आहे, परंतु मुलाचा'. 'नंबर आहे, परंतु एक आकडा कमी'. 'नंबराच्या जागी "समोरच्या दुकानात विचारा" असे नमूद'. 'ई-मेल आहे, परंतु नातीचा आणि तिच्याशी भांडण'. एवढं बारकाईचं काम त्या सॉफ्टवेअरने कधी पाहिलं नसावं. मध्येच त्याने पडद्यावर विचारलं : एकच नंबर अनेक नोंदींत आढळला आहे, नोंदी एकत्र करायच्या का? मी ताडकन 'नाही' दाबलं. माणूस तितकी फाईल, हा अभिलेख विभागाचा पहिला नियम. दोन माणसांची एक फाईल केली की एकाची बढती दुसऱ्याला मिळते. मी पाहिलेलं आहे. त्या दुसऱ्याने पेढे वाटायच्या ऐवजी बदली मागून घेतली.

सगळ्यात देखणा गट होता त्रेसष्ट जणांचा. नाव, वय, पत्ता, मोबाईल, एकही रकाना रिकामा नाही. पत्तेसुद्धा कसे? 'दूध केंद्राच्या मागे, तिसरं दार, हिरवं, कडी बाहेरून सैल.' बागेतल्या टेबलावर मी स्वतः लिहिलेले. या गटाला मी नाव दिलं 'संपर्क परिपूर्ण' आणि शेरा मारला : यांना सर्वप्रथम फोन करावेत.

गुरुवारी फोन सुरू झाले. संध्याकाळी सूनबाई आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"इतर गटांतली एकवीस माणसं येतो म्हणाली. काही लोक चिडले. एकाने तर विचारलं, मला ऐकू येत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं, माझ्या भावाने का? पण तुमचे ते परिपूर्णवाले, बाबा, त्रेसष्टातल्या एकानेही फोन उचलला नाही. नुसती रिंग वाजते."

मी हसलो. अनुभवाने येतं ते हसू. "अगं, ही माणसं कोण? ज्यांना ऐकू येत नाही ती. त्यांना रिंग कशी ऐकू येईल? पुन्हा लाव. तीनदा लाव. आणि जास्त वेळ वाजू दे."

तिला ते पटलं. मला वाटतं, मोठ्यांचा सल्ला पटण्याची ही आमच्या घरातली शेवटची वेळ. तिने नियम बदलला : परिपूर्ण गटाला प्रत्येकी तीन वेळा, दीर्घ रिंग.

शुक्रवारी दुपारी मी किती वाजले बघायला खिशातून मोबाईल काढला आणि थिजलो. दोनशे बावन्न मिस्ड कॉल. सगळे एकाच अनोळखी नंबरावरून. सदऱ्याच्या खिशात, हृदयाच्या बरोबर वर, दोन दिवस कुणीतरी मला गाठायचा प्रयत्न करत होतं आणि यंत्राने मला कळू दिलं नव्हतं. हल्लीच्या मोबाईलना आवाजच नाही.

मी हिला दाखवलं. ही म्हणाली, "दोन दिवस तुमचा खिसा वाजतोय, मला वाटलं मुद्दामच उचलत नाही."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं," ही म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

विमेवाल्यांना जिन्यात गाठलं. त्यांनी नंबर पाहिला आणि चेहरा पाडला. चेहरा पाडणं हा त्यांच्या व्यवसायाचा भाग आहे. "टोळी आहे," ते म्हणाले. "एवढे फोन सभ्य माणूस करत नाही. मी विमा विकतो, तरी करत नाही. आत्ताच्या आत्ता फोन कंपनीत तक्रार करा."

मी केली. तीन परिच्छेदांची, विषय आणि संदर्भासह. 'सदर इसम वा इसमांनी माझ्या वृद्धापकाळाचा गैरफायदा घेऊन...' असं एक वाक्य त्यात होतं, त्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला. पण फोन कंपनीच्या कामाचा झपाटा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तासाभरात उत्तर : नंबर बंद करण्यात आला आहे. मी समाधानाने वामकुक्षी घेतली. समाजाचं आपण काही देणं लागतो, ते फेडल्यावर झोप छान लागते.

सहा वाजता सूनबाई आली. दारातच चपला हातात धरून उभी राहिली.

"आपली लाईन बंद केली हो. कुणीतरी तक्रार केली. एकही फोन लागत नाही. रविवार परवावर आलाय, बाबा. कोण असा दुष्ट असेल?"

"टोळ्यांचा सुळसुळाट झालाय," मी म्हणालो. "आजच मी एक पकडून दिली." आणि मोबाईल तिच्यापुढे धरला.

तिने नंबर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग चपला खाली ठेवल्या, हळूच, काच ठेवावी तशा.

"बाबा, हा आपला नंबर आहे. सॉफ्टवेअरचा. पण तो तुम्हाला कशाला फोन करेल? तुम्ही कुठे यादीत आहात?"

ती यादी उघडून बसली आणि मला बागेतली ती दुपार आठवली. लोक टेबलापाशी येत. नाव सांगत, पत्ता सांगत. फोन नंबर विचारला की हात हलवत. फोन नाही म्हणे, आणि असून करायचं काय, ऐकू कुठे येतं? आता रकाना रिकामा. चौतीस वर्षं मी रिकामा रकाना टेबलावरून पुढे जाऊ दिलेला नाही. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा पत्रव्यवहार 'मार्फत अभिलेख विभाग' असा जायचा, ही आमची पद्धतच. तेव्हा मी त्या त्या रकान्यात, निव्वळ शिस्त म्हणून, माझा नंबर लिहून दिला. खिशातल्या चिठ्ठीवरून. स्वतःचा नंबर पाठ कुणाला असतो? आपण स्वतःला कधी फोन करत नाही.

असे त्रेसष्ट.

सूनबाईने कॉम्प्युटर मिटला आणि केंद्राच्या किल्ल्या खुंटीला लावल्या. त्या किल्ल्यांना तिने लग्नातल्या अंगठीपेक्षा जास्त जपलंय. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान स्पष्ट ऐकू आलं असतं.

शनिवारी कचेरी उघडायच्या आधी मी फोन कंपनीच्या दारात होतो. सोबत हेडमास्तर, छडीसह. खिडकीमागचा कारकून मान वर न करता बोलत होता, आणि मध्ये काच.

"जरा मोठ्याने बोला," मी म्हणालो.

"तक्रार मागे घ्यायची तर हा फॉर्म भरा," तो म्हणाला. माझ्या बाजूने हेडमास्तरांनी ते पुन्हा सांगितलं.

फॉर्म चार पानी. 'तक्रारदार गैरअर्जदारास ओळखतो काय?' मी लिहिलं, होय. 'असल्यास, नाते.' मी लिहिलं, सासरा.

कारकुनाने आता मान वर केली. "सुनेविरुद्ध तक्रार केलीत?"

"अनवधानाने."

"इथे लिहिलंय, 'वृद्धापकाळाचा गैरफायदा'."

रांगेतली एक बाई मागून म्हणाली, "आमच्याकडे पण असंच आहे हो, पण इतक्या थराला कुणी जात नाही." मी मागे वळून खुलासा करणार होतो, पण हेडमास्तरांनी छडीने मला पुढे वळवलं.

मी 'तक्रार मागे घेण्याचे कारण' हा रकाना रिकामा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. कारकुनाने फॉर्म परत सरकवला. "रिकामा रकाना चालत नाही, काका." त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल नितांत आदर वाटला. मी लिहिलं : 'तक्रारदार मूर्ख आहे.' त्याने वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "लाईन तीन कामाच्या दिवसांनी सुरू होईल. बुधवारी."

रविवार दुसऱ्या दिवशी होता.

पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो. हेडमास्तर छडी पायरीवर टेकवून म्हणाले, "पत्ते आहेत ना?"

"कुणाचे?"

"त्या त्रेसष्ट जणांचे. पटावरची मुलं शाळेत आली नाहीत की मी काय करायचो? घरी जायचो."

हिरवं दार, कडी बाहेरून सैल! मी फॉर्मांचं खोकं काढलं, पेठ, गल्ली आणि जिना या क्रमाने तासाभरात चार गठ्ठे लावले. हे वर्गीकरण मात्र कुणाच्या सल्ल्याशिवाय केलं. एक गठ्ठा हेडमास्तरांना, एक विमेवाल्यांना, एक हिला, एक मला. विमेवाल्यांनी शपथ घेतली की कुणालाही विम्याचं विचारणार नाही. दोघांना विचारलं, पण नंतर कबूल केलं.

पहिल्याच दारात अडचण उभी राहिली. घंटा वाजवली. कुणी येईना. पुन्हा वाजवली. मग लक्षात आलं की ज्यांना फोन ऐकू येत नाही त्यांना घंटा तरी का ऐकू यावी? मी दारात हताश उभा असताना ही तिच्या गल्लीतून येऊन पोचली, खिडकीपाशी गेली, पदर दोनदा झटकला, पडद्यावर हाताची सावली हलवली आणि आतले आजोबा उठून आले. त्यांच्यासमोर बरोबर तोंडासमोर तोंड येईल असं उभं राहून, सावकाश, ओठ हलवून तिने त्यांना सगळं समजावलं. आजोबांना पहिल्या फटक्यात कळलं.

"हे तू कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"घरी," ही म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली. तिची घरची शिकवणी कुणाकडे चालते हे विचारायचं राहिलं.

रविवारी सकाळी नऊला कंपनीचे निरीक्षक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजणीचं यंत्र, एक माणूस तपासून झाला की अंगठ्याने टक्. येतो म्हणालेल्या एकवीसपैकी सोळा आले. मग जिन्यात काठ्यांचे, चपलांचे आवाज सुरू झाले (हे मला हिने सांगितलं) आणि आमचे परिपूर्णवाले येऊ लागले. हिरव्या दाराचे आजोबा. गच्चीवर राहणाऱ्या आजी. समोरासमोर राहून बारा वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ. त्यांचं भांडण नव्हतंच, दोघांनाही ऐकू येत नव्हतं, एवढंच निघालं. फोनबाई प्रत्येकाचं नाव पुकारत होत्या आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी प्रत्येक नावाला 'आलो' म्हणत होता.

असे वीस जण झाले. छत्तीस. साडेचारला हेडमास्तर स्वतःहून पेटीत जाऊन बसले. निकाल उत्तम. विमेवाल्यांचाही उत्तम. हिचा तर असा की निरीक्षक म्हणाले, "वहिनींना शेजारच्या इमारतीतलं ऐकू येत असेल." ही म्हणाली, "येतं."

एकोणचाळीस. पाचला दहा कमी. जिना रिकामा.

निरीक्षक घड्याळ बघत होते. "चाळीस म्हणजे चाळीस हो," ते सूनबाईला म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. अशा माणसांशी माझं जमतं. फोनबाई केंद्रातल्या, त्यांची मोजणी होत नव्हती. शिंप्याला बोलवायला विमेवाले धावले, तर रविवार म्हणून तो पाचच मिनिटांपूर्वी कुलूप लावून गेला होता.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला दिसलं. ती पेटीच्या काचेवरचा एक डाग पुसत होती जो तिथे नव्हता. ही, हेडमास्तर आणि विमेवाले, तिघेही छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, मी बघून घेतलं.

आता माझ्या श्रवणशक्तीबद्दल मला शंका नव्हती. पण तपासणीला बसणं म्हणजे शंका असल्याची नोंद होणं, आणि नोंद एकदा झाली की ती कायमची, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? चौतीस वर्षांत मी अनेकांच्या नोंदी ठेवल्या. माझी कुणी ठेवली नव्हती.

मी फॉर्म ओढला. नाव, वय, पत्ता. मोबाईल नंबराच्या रकान्यात चिठ्ठी बघून नंबर लिहिला. तो लिहायची ही चौसष्टावी वेळ, आणि खरा लिहायची पहिली. मग पेटीत जाऊन बसलो, हेडफोन लावले, बटणावर अंगठा ठेवला आणि ताठ बसलो.

बराच वेळ काही झालं नाही. मी काचेतून सूनबाईला खूण केली, सुरू कर.

तिने काचेपलीकडे एक कागद धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'बाबा, अर्धं झालं.'

निरीक्षकांनी टक् केलं. चाळीस. मग त्यांनी कागदावर सही केली, सूनबाईने ती दोनदा वाचली आणि खाली बसली, खुर्ची नव्हती तिथेच, फरशीवर. हसत होती की रडत होती ते सांगता येत नाही, मी अजून पेटीतच होतो. मला कुणी बाहेर या म्हणालं नव्हतं. म्हणाले होते, असं नंतर कळलं.

मंगळवारी तिने माझ्या दोन्ही कानांत दोन यंत्रं बसवली. जग एवढं बोलतं याची मला कल्पना नव्हती. पंखा बोलतो. माझे गुडघे बोलतात. ही दिवसभर स्वतःशी काहीतरी पुटपुटत असते, आणि त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल आहे. टीव्हीचा आवाज मी दोन काड्यांवर आणला तर भिंतीवर छडी वाजली. हेडमास्तर बघायला आले, मी बरा आहे ना.

बुधवारी सकाळी सूनबाई खुंटीवरच्या किल्ल्या घेऊन केंद्रात गेली. मी वर्तमानपत्र उघडलं आणि माझ्या छातीवर एकदम वाजंत्री सुरू झाली. मी दचकलो. मग कळलं, हा माझा मोबाईल. याला आवाज आहे! फोन कंपनीने लाईन सोडली होती आणि सॉफ्टवेअरने आपलं काम निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं, गट पहिला, संपर्क परिपूर्ण. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या रिंगला फोन उचलला.

"नमस्काऽऽर!" पलीकडून फोनबाईंचा आवाज माझ्या दोन्ही कानांतून आत शिरून मध्ये कुठेतरी एकमेकांवर आदळला. "आपल्याला ऐकू येण्यात काही अडचण आहे काऽऽ?"

"फोनबाई," मी म्हणालो, "जरा हळू बोलता का?"